चिलखत घातलेला शेजारी

घटकाभर असे समजा की तुमचे घर अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, एका खेड्याबाहेरच्या शेतावर आहे. घरापुढे हिरवळ, बाजूला फुलझाडांचे वाफे, मागे गुरांचे कुरण आणि कुरणाच्या कडेने झुडपांनी भरलेला ओढा. काल संध्याकाळी वडिलांनी हिरवळीला भरपूर पाणी दिले. आज सकाळी दार उघडून पाहता, तो हिरवळीवर जागोजागी खळगे! प्रत्येक खळगा शंकूच्या आकाराचा, तोंडाशी आठ-दहा सेंटिमीटर रुंद आणि तीनपासून सात सेंटिमीटरपर्यंत खोल. मोजायला गेलात तर तीस-चाळीस तरी भरतील. वाफ्यातली दोन रोपे मुळासकट उपटून पडलेली. पण त्यांचे एकही पान खाल्लेले नाही.

हा उद्योग कोणाचा? रानडुकरे आली असती तर त्यांनी नांगर फिरवल्यासारखी सगळी जमीन उलथून टाकली असती. ससा आला असता तर पाने कुरतडलेली दिसली असती. रात्रीच्या पाहुण्याला झाडांशी काही कर्तव्य नव्हते. रोपे त्याच्या वाटेत आली म्हणून त्याने ती बाजूला सारली इतकेच. त्याला हवे होते ते मातीत होते.

तिथल्या शेतकऱ्याला या कोड्याचा फार विचार करावा लागत नाही. खळगे पाहताच तो कपाळाला आठ्या घालून एकच नाव घेतो : आर्मडिलो!

आर्मडिलो हा स्पॅनिश शब्द. त्याचा अर्थ ‘छोटा चिलखतवाला’. मेक्सिकोतल्या ॲझटेक लोकांनी त्याला जे नाव दिले होते त्याचा अर्थ ‘कासव-ससा’ असा होतो, आणि मला विचाराल तर हेच नाव अधिक चपखल आहे. कासवासारखी पाठ आणि सशासारखे लांब उभे कान. आर्मडिलोच्या वीसहून अधिक जाती आहेत आणि त्या सर्व अमेरिका खंडांतच आढळतात. टेक्सासच्या अंगणात येतो तो नऊ पट्ट्यांचा आर्मडिलो. वजन साधारण चार ते सहा किलोग्रॅम, शेपटीसह लांबी सुमारे पाऊण मीटर. (या प्राण्याची एकच जात आहे असे दीर्घकाळ मानले जाई. २०२४ साली शास्त्रज्ञांनी आनुवंशिक पुराव्यांवरून तिच्या चार जाती कराव्यात असे सुचविले. या लेखापुरते आपण जुनेच नाव वापरू.)

चित्र पाहून कोकणातले वाचक म्हणतील, ‘हे तर आमचे खवले मांजर!’ चूक स्वाभाविक आहे, पण आहे मात्र चूकच. खवल्या मांजराचे खवले आपल्या नखांसारख्या पदार्थाचे, म्हणजे केराटिनाचे असतात आणि ते कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात. आर्मडिलोचे चिलखत खऱ्या हाडांचे असते. कातडीतच हाडांच्या लहान लहान चकत्या तयार होतात आणि त्यांच्यावर केराटिनाचा पातळ थर असतो. खवल्या मांजराला दात नसतात. आर्मडिलोला खुंट्यांसारखे बारीक दात असतात. नात्याने पाहिले तर खवले मांजर वाघ-कुत्र्यांच्या गटाला अधिक जवळचे आणि आर्मडिलो दक्षिण अमेरिकेतल्या स्लॉथ व मुंगीखाऊ या प्राण्यांचा भाऊबंद. दोघांनीही मातीतले किडे उकरून खाण्याचा धंदा पत्करला, दोघांनाही अंग झाकण्याची गरज पडली, आणि दोन निराळ्या वाटांनी दोघेही जवळजवळ सारख्याच वेषात येऊन उभे राहिले. उत्क्रांतीत असे पुष्कळदा घडते.

चिलखताचे तीन भाग असतात : खांद्यावर एक ढाल, कमरेवर एक ढाल आणि मध्ये बहुधा नऊ आडवे पट्टे. हे पट्टे मऊ कातडीने एकमेकांना जोडलेले असल्यामुळे पाठ बाजाच्या पेटीच्या भात्यासारखी लवते. पोटाकडची बाजू मात्र मऊ आणि विरळ केसांची. आर्मडिलो संकट येताच अंगाचा चेंडू करतो असे आपण वाचतो. ते खरे आहे. पण तीन पट्ट्यांच्या जातीपुरते. नऊ पट्ट्यांच्या आर्मडिलोला चेंडू होता येत नाही. तो काटेरी झुडपात घुसतो किंवा बिळात शिरून पाठ कमानीसारखी फुगवतो. मग शेपटी धरून ओढले तरी तो बाहेर येत नाही. एकदम दचकला तर तो जागच्या जागी उभा मीटरभर उंच उडी मारतो. कुत्रा किंवा कोल्ह्याच्या जातीचा कोयोट तोंड घालायला आला असता ही उडी कामी येते. पण रात्री रस्त्यावर मोटार अंगावरून जात असताना तो हीच उडी मारतो आणि गाडीच्या तळाशी आदळतो. चाकांच्या मध्ये सापडून वाचू शकला असता असा प्राणी सवयीने मरतो. दक्षिण अमेरिकी राज्यांतल्या हमरस्त्यांवर सकाळी मरून पडलेले आर्मडिलो दिसतात, त्यामागे हे एक कारण आहे.

उत्तरेकडची वाटचाल

आर्मडिलो टेक्सासमध्ये पूर्वापार राहत आला असेल असे तुम्हाला वाटेल. तसे नाही. दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी त्याचा एक थोरला भाऊबंद त्या प्रदेशात होता, पण तो नष्ट झाला. आजचा आर्मडिलो एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मेक्सिकोतून रिओ ग्रांदे नदी ओलांडून टेक्सासमध्ये आला. तिथून तो पूर्वेला लुइझियानाकडे आणि उत्तरेला सरकत गेला. फ्लोरिडात तो माणसांच्या हातून सुटला आणि तिथेही पसरला. आता तो नेब्रास्का, इलिनॉय, इंडियाना इथपर्यंत पोचला आहे.

त्याची ही वाटचाल माणसाने सोपी केली. त्याला मारणारी मोठी हिंस्र जनावरे माणसाने कमी केली. गुरे चारण्यासाठी कुरणे राखली आणि गवताला लागणारे वणवे थांबवले, त्यामुळे गवताळ रानात झुडपे वाढली. झुडपे म्हणजे आर्मडिलोची लपायची जागा. त्यातच घरोघर हिरवळी आल्या, त्यांना पाणी मिळू लागले आणि मऊ, ओली, किड्यांनी भरलेली जमीन आयतीच तयार झाली.

त्याला अडवते ती थंडी आणि कोरडेपणा. आर्मडिलोच्या अंगात चरबी कमी, केस जवळजवळ नाहीत आणि त्याला शीतनिद्रा घेता येत नाही. जमीन गोठली की किडे मिळत नाहीत आणि काही दिवसांतच उपासमार सुरू होते. पश्चिमेला वर्षाचा पाऊस सुमारे ३८ सेंटिमीटरच्या खाली गेला की त्याचा प्रदेश संपतो. नद्या मात्र त्याला अडवत नाहीत. त्याचे शरीर पाण्यापेक्षा किंचित जड असते. अरुंद ओढा असेल तर तो श्वास रोखून तळावरून चक्क चालत पलीकडे जातो. पात्र रुंद असेल तर हवा गिळून जठर आणि आतडी फुगवतो आणि पोहत जातो!

नाक आणि जेवण

आर्मडिलोची दृष्टी फार अधू. त्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशीच नसतात. वाऱ्याची दिशा सांभाळून तुम्ही सावकाश गेलात तर त्याच्यापासून दोन-तीन मीटरवर उभे राहता येईल आणि तो आपला नाकाने फुसफुस आवाज करीत माती हुंगत राहील. मध्येच तो मागच्या पायांवर उभा राहतो, शेपटीचा टेकू घेतो आणि हवा हुंगतो. तेवढ्यात तुमचा वास लागला तर पळतो.

नाक मात्र असे की मातीखाली पंधरा-वीस सेंटिमीटर असलेली अळी त्याला वरून कळते. पुढच्या पायांच्या भक्कम नख्यांनी दोन-चार फटकारे, खळग्यात नाक, चिकट लांब जीभ, की काम झाले. पुढचा वास, पुढचा खळगा.

तो काय खातो हे नुसत्या तर्काने ठरवलेले नाही. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टेक्सासमधल्या अडीचशेहून अधिक आर्मडिलोंच्या जठरांतले अन्न तपासले गेले. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग प्राणिज होता. मुख्यतः कीटक आणि त्यांच्या अळ्या. तो पक्ष्यांची अंडी फस्त करतो म्हणून शिकारी लोक त्याच्यावर रागावलेले असत. अंडी तो मिळाली तर खातो, पण त्याच्या जेवणात त्यांचा वाटा अगदी थोडा निघाला.

आता एका गोष्टीकडे लक्ष द्या. आपल्याकडे ऊस किंवा भुईमूग लावणाऱ्या शेतकऱ्याला ‘हुमणी’ हा शब्द काढला तरी धडकी भरते. जमिनीत राहून मुळे खाणारी ही पांढरी, वाकडी अळी पुढे भुंगेरा होते. टेक्सासच्या हिरवळीखालीही अशाच भुंगेऱ्यांच्या अळ्या असतात आणि त्या गवताची मुळे खातात. आर्मडिलो त्यांच्यासाठीच येतो. अळी खाऊन तो गवताचे रक्षण करतो आणि अळी शोधताना गवत उकरून टाकतो! त्याला मित्र म्हणावे की शत्रू, हे तुम्ही हिरवळीकडे पाहता की कुरणाकडे, यावर ठरेल. कुरणात पाच-पन्नास खळग्यांनी कोणाचे काही बिघडत नाही. आठ दिवसांत ते बुजून जातात. मला वाटते, बंगल्यापुढच्या शोभेच्या गवतावरून या प्राण्याची किंमत ठरवणे त्याच्यावर अन्यायाचे होईल. पण ते गवत माझे नाही, हेही खरे!

खळग्यांहून बिळाचा प्रश्न अवघड. बिळाचे तोंड अठरा-वीस सेंटिमीटर रुंद असते आणि आतली वाट कित्येकदा चार-पाच मीटर जाते. एकाच आर्मडिलोची अशी अनेक बिळे असतात. ओढ्याच्या काठी, झुडपात, ओंडक्याखाली असलेली बिळे निरुपद्रवी. एवढेच नव्हे, तर सोडून दिलेल्या बिळांत ससे, ऑपॉसम, साप असे अनेक भाडेकरू राहायला येतात. पण तेच बीळ घराच्या पायाखाली, पायऱ्यांखाली किंवा गुरांच्या तळ्याच्या मातीच्या बांधात गेले, तर माती ढासळण्याची भीती असते. बिळात पाय जाऊन गुरू किंवा घोडा लंगडा होईल, ही कुरणवाल्यांची आणखी एक तक्रार.

चार पिल्ले, एकच अंडे

अशा एका बिळात मार्च-एप्रिलमध्ये पिल्ले होतात. किती? जवळजवळ नेहमी चार. आणि चारही नर, नाहीतर चारही माद्या. दोन नर आणि दोन माद्या असे कधी होत नाही.

१९०९ सालापासून टेक्सास विद्यापीठातल्या न्यूमन आणि पॅटर्सन या शास्त्रज्ञांनी याचा पाठपुरावा केला आणि कारण उजेडात आणले. मादीच्या एकाच फलित अंड्याचे चार भाग होतात आणि प्रत्येक भागाचे एक पिल्लू बनते. माणसांत एका अंड्यापासून होणारी, हुबेहूब सारखी जुळी आपण पाहतो. पण ती क्वचित. इथे हुबेहूब चौळे हा नियमच. या फलित अंड्याची दुसरी तऱ्हा अशी की ते लगेच वाढत नाही. उन्हाळ्यात नर-मादीचा समागम होतो, अंड्यापासून पेशींची एक बारीकशी पोकळ गोळी बनते आणि ती तीन-चार महिने गर्भाशयात नुसती तरंगत राहते. नोव्हेंबरच्या सुमारास ती गर्भाशयाच्या भिंतीला चिकटते आणि पुढे चार महिन्यांनी, म्हणजे वसंतात किडे मुबलक झाले की पिल्ले जन्मतात. पकडून एकट्या ठेवलेल्या काही माद्यांना वर्ष उलटून गेल्यावरही पिल्ले झाल्याची नोंद आहे. त्या गोळीने तोवर वाट पाहिली होती!

शिक्षक मित्रांनी आनुवंशिकता शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. चौघांची गुणसूत्रे एकच. मग चौघे सर्व बाबतींत सारखे असतात का? एलिनॉर स्टॉर्स या जीवरसायनशास्त्रज्ञ बाईंनी रॉजर विल्यम्स यांच्याबरोबर नेमका हा प्रश्न घेतला. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, एकाच अंड्यातून आलेल्या भावंडांच्या अवयवांची वजने आणि शरीरातल्या रसायनांची प्रमाणे यांत बराच फरक आढळला. वर्गात ‘का?’ असे विचारून पाहावे. चर्चा रंगते.

कुष्ठरोगाचे कोडे

या एलिनॉर स्टॉर्स यांच्यामुळेच आर्मडिलोची गोष्ट एका निराळ्या वळणाला लागली. त्या वळणाशी आपल्या देशाचाही संबंध आहे.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी १८७३ साली शोधला. पटकी, क्षय, विषमज्वर यांचे जंतू पुढे प्रयोगशाळेत बशीतल्या खाद्यावर वाढवता येऊ लागले. कुष्ठरोगाचा जंतू मात्र कोणत्याही कृत्रिम खाद्यावर वाढेना. आजही तो तसा वाढवता येत नाही. शिवाय त्याची वाढ विलक्षण मंद. आपल्या आतड्यातला एक सामान्य जंतू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. कुष्ठरोगाच्या जंतूला दुप्पट व्हायला बारा-चौदा दिवस लागतात. जंतूच पुरेसे हाती नाहीत, तर औषध कशावर तपासणार आणि लस कशाची करणार?

एक धागा मात्र रोग्याच्या शरीरावरच दिसत होता. हा रोग नाक, कानाच्या पाळ्या, हातापायांची बोटे अशा भागांत अधिक दिसतो. हे शरीराचे थंड भाग आहेत. १९६० साली अमेरिकेतल्या शेपर्ड यांनी उंदराच्या तळपायात जंतू टोचले. तळपाय थंड असतो. तिथे जंतू वाढले. पण उंदराचा तळपाय तो केवढा! त्यात जंतू मिळणार किती?

आता आर्मडिलो आठवा. त्याच्या शरीराचे तापमान ३२ ते ३५ अंश सेल्सियस, आपल्यापेक्षा कित्येक अंशांनी कमी. म्हणजे अख्खा प्राणीच थंड! शिवाय तो पुष्कळ वर्षे जगतो, त्यामुळे मंद जंतूला वेळही मिळतो. स्टॉर्स यांनी लुइझियानात कार्व्हिल इथल्या कुष्ठरोग रुग्णालयातले कर्कहायमर यांच्यासह आर्मडिलोंना हे जंतू टोचले. १९७१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : आर्मडिलोला कुष्ठरोग झाला होता. पुढे दिसून आले की त्याच्या यकृताच्या आणि प्लीहेच्या एकेका ग्रॅममध्ये अब्जावधी जंतू असतात. शंभर वर्षे हुलकावण्या देणारा जंतू आता हवा तेवढा मिळू लागला.

त्या जंतूंपासून रोग्याची प्रतिकारशक्ती तपासण्याचे लेप्रोमिन हे द्रव्य बनले, लशींचे प्रयोग झाले. १९९१ साली तमिळनाडूतल्या चेंगलपट्टू भागात सुमारे पावणेदोन लाख लोकांवर कुष्ठरोगाच्या लशींची मोठी चाचणी सुरू झाली. तीत एक लस होती आर्मडिलोच्या शरीरात वाढवून मारलेले जंतू बीसीजीत मिसळून केलेली, आणि दुसरी होती आपल्या मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत तयार झालेली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या दोन लशींनी सर्वांत अधिक, म्हणजे सुमारे ६४-६५ टक्के संरक्षण दिल्याचे दिसले. वरोऱ्याच्या आनंदवनाचे नाव घरोघर ठाऊक असलेल्या महाराष्ट्रात या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

पण १९७५ साली या गोष्टीची दुसरी बाजू पुढे आली. लुइझियानातल्या रानात, प्रयोगशाळेचा स्पर्शही न झालेल्या आर्मडिलोंमध्ये कुष्ठरोग आढळला! हा रोग माणसाकडून प्राण्याकडे गेला असावा असे आज मानतात. कारण तिथल्या आर्मडिलोंमधल्या जंतूंची वंशावळ युरोपातल्या जंतूंशी जुळते आणि नऊ पट्ट्यांचा आर्मडिलो तर युरोपात कधीच नव्हता. म्हणजे जहाजांतून आलेल्या माणसांनी हा रोग अमेरिकेत आणला, तो मातीत तोंड खुपसून जगणाऱ्या या प्राण्याला लागला, आणि त्याच्यात टिकून राहिला. २०११ साली जनुकांची तुलना करून शास्त्रज्ञांनी दाखवले की दक्षिणेकडच्या राज्यांतल्या बऱ्याच रोग्यांमध्ये आणि रानातल्या आर्मडिलोंमध्ये जंतूंचा एकच विशिष्ट प्रकार आहे. म्हणजे आर्मडिलोने तो माणसाला परत केला होता. काही ठिकाणी पाचांतला एक आर्मडिलो बाधित निघतो.

असे वाचले की माणूस बंदूक शोधू लागतो. जरा थांबून आकडे पाहा. अमेरिकेत वर्षाला सुमारे दोनशे नवे कुष्ठरोगी सापडतात आणि त्यांतल्याही अनेकांना तो परदेशात लागलेला असतो. (भारतात २०२३ साली एक लाखाहून अधिक नवे रोगी नोंदले गेले, इथे आर्मडिलो नाही, इथे तो माणसाकडूनच माणसाला लागतो.) शंभरांपैकी सुमारे पंच्याण्णव माणसांना निसर्गतःच या जंतूविरुद्ध पुरेशी प्रतिकारशक्ती असते. आणि रोग झालाच, तर १९८० नंतरच्या दशकात रूढ झालेल्या बहुविध औषधोपचाराने तो पूर्ण बरा होतो. वेळीच गेले तर अपंगत्वही येत नाही. अंगणातून चालत गेलेल्या आर्मडिलोमुळे कोणाला कुष्ठरोग होत नाही. धोका आहे तो त्याला हाताळण्यात, त्याची शिकार करून कातडे सोलण्यात आणि मांस खाण्यात. १९३० च्या मंदीत टेक्सासचे गरीब लोक त्याला खात आणि राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांच्या नावाने चिडून ‘हूव्हरचे डुक्कर’ म्हणत. तेव्हा हे कोणाला ठाऊक नव्हते.

मग करायचे काय?

आता परत आपल्या खळग्यांच्या हिरवळीवर येऊ. वडील वैतागले आहेत. बाजारात उपाय पुष्कळ : डांबराच्या गोळ्या, उग्र वासाची द्रव्ये, आवाज करणारी यंत्रे. त्यांचा उपयोग होत असल्याचा पुरावा नाही. विषाचे आमिषही निरुपयोगी. जो प्राणी जमिनीवर ठेवलेले न खाता मातीतले जिवंत किडे खातो, तो तुमच्या गोळ्या कशाला खाईल? त्या खाईल शेजाऱ्याचा कुत्रा.

पकडणेच आवश्यक असेल तर त्याच्या सवयीचा उपयोग करावा. अधू डोळ्यांचा हा प्राणी भिंतीच्या किंवा कुंपणाच्या कडेने, नाक खाली घालून चालतो. पिंजरा बिळाच्या तोंडाशी किंवा अशा कडेला ठेवतात आणि पिंजऱ्याच्या दारापासून दोन फळ्या पसरट व्ही आकारात मांडतात. फळीला नाक लागले की तो तिच्या कडेकडेने चालत आपण होऊन आत जातो. आमिष लागत नाही. आधी एखादा आर्मडिलो अडकलेला जुना पिंजरा नव्या पिंजऱ्यापेक्षा बरा, असे अनुभवी लोक सांगतात, आणि एवढे तीक्ष्ण नाक लक्षात घेता ते पटते. पिंजरा उचलताना हातमोजे हवेत आणि नंतर साबणाने हात धुवायला हवेत. पकडलेला प्राणी दुसरीकडे नेऊन सोडावा की नाही याविषयी प्रत्येक राज्याचा कायदा निराळा आहे, तेव्हा आधी चौकशी करावी. शिवाय एक नेला तरी हिरवळीतल्या अळ्या तशाच राहतात आणि ओढ्याकाठी दुसरा आर्मडिलो असतोच.

म्हणून पाण्यापासून सुरुवात केलेली बरी. रोज संध्याकाळी हिरवळ भिजवली की माती मऊ होते, गांडुळे आणि अळ्या वर येतात. रात्री पंगत मांडल्यासारखेच ते. गरजेपुरते आणि सकाळी पाणी दिले तर रात्रीपर्यंत वरची माती सुकते. घराजवळची दाट झुडपे आणि लाकडांचे ढीग हलवले की लपायला जागा राहत नाही. एखादा भाजीचा वाफा फारच जिव्हाळ्याचा असेल, तर त्याला जाळीचे कुंपण घालतात. काही भाग जमिनीत पुरलेला आणि वरचा भाग सुमारे चाळीस अंशांनी बाहेर कललेला. सरळ कुंपण पुरत नाही, कारण आर्मडिलो थोडेफार चढतोही. सगळ्या शेताला असे कुंपण घालणे मात्र परवडणारे नाही.

राहता राहिले पायऱ्यांखालचे बीळ. ते बुजवायला घाई करू नये, कारण आत कोणी असेल तर तो रातोरात शेजारीच नवे बीळ पाडील, आणि वसंत ऋतू असेल तर आत चार पिल्ले असू शकतील. बिळाच्या तोंडात वर्तमानपत्राचे चुरगाळलेले कागद किंवा सुकी पाने सैलसर भरा आणि रोज सकाळी पाहा. कागद बाहेर फेकलेले दिसले तर बिऱ्हाड चालू आहे. चार-पाच दिवस कागद जागच्या जागी राहिले, तर बीळ रिकामे आहे असे समजून त्यात माती आणि दगड ठासून भरा आणि वरून जाळी पुरा. ओढ्याकाठचे बीळ मात्र तसेच राहू द्या. तिथे बुजवण्यासारखे काही नाही आणि कुरणातल्या अळ्या कोणीतरी खायला हव्यातच.